दुनळी आणि काजळ

आमच्या घरात बंदूक आली तेव्हा पहिला प्रश्न पडला तो ती ठेवायची कुठे हा. थेरगावात डांगे चौकाच्या आतल्या गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या आणि त्यातली दीड खोली मायच्या डब्यांनी खाल्लेली होती. माय म्हणजे माझी आई. आम्ही मूळचे लातूरकडचे, आमच्यात आईला मायच म्हणतात. तिची खानावळ होती. पाटी नव्हती, टेबलं नव्हती, पण तिन्ही पाळ्यांना कंपन्यांत जाणारी वीस-पंचवीस पोरं तिच्या हातच्या भाकरीवर उभी होती. स्टोव्हची भरभर, परातीत भाकरी थापल्याचा ठेका आणि मध्येच वाजणारा पहिल्या पाळीचा भोंगा, या तीन आवाजांत मी मोठी झाले. येसराच्या, म्हणजे भाजल्या धान्य-मसाल्याच्या पिठाच्या आमटीचा वास आमच्या कपड्यांना, वह्यांना, अंथरुणांनासुद्धा असायचा. आता पिंपळे सौदागरच्या सोसायटीत माझ्या स्वयंपाकघरात चिमणी आहे. फोडणीचा वास नाकाशी यायच्या आत बाहेर गेलेला असतो, आणि मला चुकल्यासारखं वाटतं, भूकच लागत नाही. तर, मायनं शेवटी गोधड्यांची लोखंडी पेटी रिकामी केली. बंदुकीच्या नळ्या आणि दस्ता वेगळे होतात, ते दोन भाग जुन्या लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवले आणि कुलूप लावून किल्ली स्वतःच्या कमरेला खोचली. गोधड्या पुढे कित्येक वर्षं बाहेरच राहिल्या.

माझे वडील, अण्णा, पंधरा वर्षं पलटणीत शिपाई होते. तिथून सुटल्यावर चिखलीच्या एका वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर लागले. पत्र्याची चकती साच्यात ठेवायची, पायाने पट्टी दाबायची, धाडकन ठोका पडायचा आणि चकतीची वाटी होऊन बाहेर यायची. त्या कामावरच्या माणसाने हात पुढे केला की समोरचा नकळत त्याची बोटं मोजायचा, अशी तेव्हा या कारखान्यांच्या पट्ट्याची रीत होती. अण्णांची दहाच्या दहा होती. एकदा उजव्या अंगठ्याच्या बुडाशी मार बसला, महिनाभर पट्टी होती, पण पट्टी सुटली तेव्हा अंगठा जागच्या जागी होता आणि मायनं मारुतीला नारळ फोडला. पुढे चार-सहा महिन्यांनी अण्णांनी ते काम सोडलं. सुपरवायझरशी वाजलं, असं म्हणाले. अण्णा तापट होते, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. मग दीड वर्ष ते घरीच होते. सायकलला डबे अडकवून कंपन्यांच्या गेटवर पोचवायचे, रिकामे डबे आणून घासायचे, आणि गल्लीतल्या कुणी 'काय अण्णा, सध्या कुठं?' असं विचारलं की दुसऱ्या बाजूने घरी यायचे. त्याच काळात मायनं त्यांना भाकरी आमटीत कुस्करून वाढायला सुरुवात केली. ताट समोर यायचं तेच काला होऊन. मला वाटायचं, माणूस घरी बसलाय म्हणून ती त्याचे लाड करतेय, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा रागही यायचा.

मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. आयटीआय करून भोसरीच्या एका कंपनीत तपासणी खात्यात ट्रेनी म्हणून लागले होते. सबंध खात्यात मी एकटी मुलगी, हातात मायक्रोमीटर, आणि माझ्या सहीशिवाय खोका पुढे जायचा नाही. अर्ध्या हळकुंडाने पिवळी होणं म्हणतात ते मी पुरेपूर झाले होते. घरी आले तरी डोक्यातलं माप सुटायचं नाही. मायची भाकरी एका कडेला जाड आहे, दाराची चौकट दोन सूत बाहेर आहे, असलं काहीतरी मी बोलत सुटायचे आणि माय म्हणायची, "बाई, तू मोज, आमी खाताव." जगात जे जे बिघडतं ते कुठेतरी मापात चुकलेलं असतं, ते शोधून काढलं की झालं, असं माझं साधं सोपं मत होतं.

चाकणला तेव्हा नव्या कंपन्या यायला लागल्या होत्या. तिथल्या एका कंपनीत गनमॅन पाहिजे, ही बातमी डब्याच्या पोरांपैकीच कुणीतरी आणली. अट एकच, लायसन आणि बंदूक माणसाची स्वतःची पाहिजे. पलटणीतून आलेल्या माणसाला लायसन मिळायला फार अडचण आली नाही. बंदुकीच्या पैशांची तजवीज माय आणि मी मिळून केली, ती कशी ते इथे नको. कंपनीच्या सिक्युरिटीचे साहेब निवृत्त सुभेदार होते. दसऱ्यानंतर दहाव्या दिवशी ते सगळ्या उमेदवारांची परीक्षा घेणार होते. बंदूक उघडायची, काडतुसं भरायची, बंद करायची, पुन्हा उघडून रिकामी करायची. हे ज्याला सफाईने जमेल त्याला नोकरी. अण्णांनी ही बातमी मला तीनदा सांगितली. दीड वर्षात पहिल्यांदा त्यांनी दाढी रोज करायला सुरुवात केली होती.

बंदूक नवीकोरी होती. दोन नळ्यांची, बारा बोअरची, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता. आमच्या डाळ-तांदळाच्या वासात तिच्या ग्रीसचा वास इतका उपरा वाटत होता की नवी सून घरात आल्यासारखे आम्ही सगळे जरा सावरून बसलो. ही बंदूक मध्यातून मोडून उघडते. नळ्यांच्या मागे वरच्या बाजूला एक लिव्हर असतो, तो उजव्या अंगठ्याने बाजूला ढकलायचा आणि दुसऱ्या हाताने नळ्या खाली दाबायच्या, की बिजागरीवर नळ्या खाली झुकतात आणि काडतुसाची भोकं दिसतात. अण्णांनी ती हातात घेतली, लिव्हरवर अंगठा ठेवला आणि दाबला. काही झालं नाही. पुन्हा दाबला. मग त्यांनी पाठ आमच्याकडे केली, दस्ता मांडीत धरला, आणि बऱ्याच खटपटीनंतर खट्ट असा आवाज आला. वळले तेव्हा कपाळावर घाम होता.

"लई कडक हाय," अण्णा म्हणाले. "नवी हाय ना."

माय स्टोव्हपाशी बसून त्यांच्याकडे बघत होती. ती बंदुकीकडे बघत नव्हती, हे मी तेव्हा टिपलं नाही.

मला तर हर्षच झाला. कडक आहे म्हणजे कुठेतरी माप चुकलंय, आणि माप चुकलंय म्हणजे काम माझं. पहिल्या संध्याकाळी आम्ही दोघांनी नळ्या वेगळ्या केल्या आणि रॉकेलमध्ये फडकं बुडवून कारखान्यातून आलेलं घट्ट ग्रीस पुसून काढलं. खाचांतलं काढायला मायची उसवणीची सुई घेतली. मग शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब. बंदूक थोडी हलकी झाली, मला तरी तसं वाटलं. अण्णांना नाही वाटलं. रोज संध्याकाळी डबे पोचवून आले की ते किल्ली मागायचे, पाठ करून बसायचे, आणि थोड्या वेळाने पुन्हा म्हणायचे, कडक हाय. दुकानदाराला शिव्या घातल्या, बनवणाऱ्याला घातल्या. दिवस मात्र जात होते.

खंडेनवमीला आमच्या सगळ्या पट्ट्यात मशीन बंद असतात. सकाळी कंपनीत पूजा झाली, लेथला, ड्रिलला झेंडूच्या माळा, पेढा, नारळ, आणि दुपारी आम्हाला सोडून दिलं. घरी मायनं पाटावर तिचा तवा मांडला होता, शेजारी माझा मायक्रोमीटर, आणि मधोमध दुनळी, नळ्या आणि दस्ता वेगवेगळे. हळदकुंकू वाहिलं, आपट्याची पानं उद्यासाठी आणून ठेवली होती. त्या दिवशी हत्याराला विश्रांती द्यायची, काम करायचं नाही, हा नियम लहान पोरालाही माहीत असतो. पण जेवून माय शेजारी गेली होती, अण्णा आडवे झाले होते, आणि माझ्या पिशवीत कंपनीतून आणलेली घासायच्या पेस्टची छोटी डबी होती. नळ्यांच्या खाली हुकासारखा एक आकडा असतो, तो बिजागरीच्या खिळ्यावर फिरतो. जोर तिथेच अडत असणार, हे मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. पाटावरच्या कुंकवाला धक्का न लावता मी नळ्या उचलल्या आणि त्या आकड्यावर पेस्ट लावून कापडाच्या पट्टीने घासत बसले. मोजलं नाही, ठसा घेतला नाही, आधी विचारलं नाही. कंपनीत एखाद्याने असं केलं असतं तर मी त्याला लाल खूण केली असती. दहा मिनिटांनी पुसून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णांनी बंदूक उघडायचा प्रयत्न केला, आणि ती तेवढीच कडक होती. तेव्हा कुठे मी पेस्टची डबी पिशवीच्या तळाशी दडवली.

दसरा उलटल्यावर आम्ही इस्माईल मिस्त्रींकडे गेलो. ते मूळचे थेरगावातलेच, पिढ्यान् पिढ्या बंदुका दुरुस्त करणारं घर, सरकारी परवाना भिंतीवर लावलेला. बाजाराच्या मागच्या बाजूला त्यांची खोली होती आणि ते इतके सावकाश बोलायचे की समोरच्याची घाई आपोआप उतरायची. आधी त्यांनी अण्णांचं लायसन नीट वाचलं, मग बंदूक हातात घेऊन पहिल्यांदा ती रिकामी आहे का ते पाहिलं. उघडताना त्यांनाही जोर लागला, पण उघडली. त्यांनी नळ्या वेगळ्या केल्या आणि खिशातून एक चांदीची चपटी डबी काढली. आत काजळ होतं.

"आमच्या घरात बनवत्यात. बायका डोळ्यात घालत्यात, मी बंदुकीत घालतो," ते म्हणाले. "काजळ खोटं बोलत न्हाई."

आमच्या कंपनीत या कामाला निळा रंग वापरायचे. दोन लोखंडी भाग एकमेकांवर कसे बसतात ते बघायचं तर एका भागाला रंगाचा पातळ हात द्यायचा, भाग जोडायचे, सोडवायचे. जिथे लोखंड लोखंडाला लागतं तिथला रंग पुसला जातो. एवढंच, फक्त निळीच्या जागी काजळ. मिस्त्रींनी करंगळीने आकड्यावर आणि नळ्यांच्या मागच्या तोंडावर काजळ फिरवलं, बंदूक जोडली, दोनदा उघडमीट केली, पुन्हा वेगळी केली आणि दारातल्या उजेडात धरली. मीही वाकून बघितलं. सगळीकडे सारखं पुसलेलं होतं. इतका सरळ, सारखा ठसा मी वर्षभरात पाहिला नव्हता. फक्त आकड्यावर, तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेवर, काजळ तसंच राहिलं होतं.

"हितं कुनीतरी घासलंय," मिस्त्री म्हणाले. "लोखंड खाली गेलंय, म्हून काजळ निघालं न्हाई. कुनी केलं ह्ये?"

माझे कान तापले. मी तोंड उघडणार होते, खरंच उघडणार होते असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले.

"म्या घासलं," अण्णा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांना कसं कळलं होतं कोण जाणे. पेस्टचा वास आला असेल, की पाटावरच्या नळ्या थोड्या सरकल्या असतील.

"नशीब वरच्या वर घासलंय," मिस्त्री म्हणाले. "लोखंड काढता येतं, परत घालता येत न्हाई. आजून दोन दिस घासत बसला असता तर बंदूक खिळखिळी झाली असती, मंग माझ्या बापाला बी सुधारली नसती." मग त्यांनी काजळ पुसलं, तेलाचा थेंब दिला आणि बंदूक जोडली. "हिच्यात काढायचं काय बी न्हाई. फिट हाय, आन् आशीच पायजे. नवी बंदूक सैल आली असती तर मी म्हनलो असतो, परत करा. उघडताना आतले घोडे, काडतुसावर आपटत्यात ते, मागं चढत्यात, त्याला जोर लागनारच. पर येवढा न्हाई. धर, पोरी."

त्यांनी बंदूक माझ्या हातात दिली. मी अंगठ्याने लिव्हर ढकलला, अंगठ्याचं टोक पांढरं पडलं, डाव्या हाताने नळ्या दाबल्या आणि बंदूक उघडली. मला आनंद व्हायच्या आधीच काहीतरी चुकतंय असं वाटलं. मी शेतात राबलेली नव्हते की पलटणीत गेलेली नव्हते. मायक्रोमीटर धरणारे हात माझे.

"आता तुमी," मिस्त्री अण्णांना म्हणाले.

अण्णांनी बंदूक घेतली. या वेळी पाठ करायला जागा नव्हती, खोली तेवढीच होती. त्यांनी अंगठा लिव्हरवर ठेवला. लिव्हर थोडा सरकला, थांबला, आणि अंगठा थरथरायला लागला. आधी अंगठा, मग मनगट, मग कोपरापर्यंत सबंध हात. लिव्हर परत जागेवर आला. त्यांनी तळव्याने ढकलून पाहिला, तो निसटला. मिस्त्रींनी हळूच बंदूक काढून घेतली, बाजूला ठेवली आणि अण्णांचा उजवा हात स्वतःच्या हातात घेतला. अंगठ्याच्या बुडाशी जिथे मांसाचा उंचवटा असतो तिथे दाबलं. तिथे खळगा होता. मी त्या माणसाच्या हाताखाली वाढले, त्या हाताने मला सायकल शिकवली होती, आणि तो खळगा मी कधी पाहिला नव्हता.

"प्रेसवर?" मिस्त्रींनी विचारलं.

"व्हय," अण्णा जमिनीकडे बघत म्हणाले. "वरून बरा झाला. आतली नस गेली म्हणले डॉक्टर. चकती धरायला येईना. काम मी सोडलं नाही, त्यायनीच बंद केलं." मग म्हणाले, "बंदूकच कडक असंल असं वाटलं होतं मला. देवाशप्पथ वाटलं होतं."

मला रडू आलं आणि स्वतःचा भयंकर राग आला. तो माणूस दीड वर्षाची गोष्ट परक्याच्या खोलीत उघडी करून उभा होता, आणि त्याने पाच मिनिटांपूर्वी माझी झाकली होती.

"चाचा, ते घासलं मी होतं," मी म्हणाले. "खंडेनवमीला. अण्णा खोटं बोलले."

मिस्त्रींनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि त्यांच्या पांढऱ्या मिशा हलल्या. "बाप लेकीचं झाकतोय, बाप सोताचं झाकतोय. आरं, मिस्त्रीपाशी आन् हकिमापाशी झाकून ठिवायचं आसंल तर मंग घरातच बसायचं की. चहा सांगतो. बसा."

चहा झाल्यावर त्यांनी अण्णांना उभं केलं. दस्ता उजव्या बगलेत आवळून धरायचा. उजवा हात बंदुकीच्या वरून पुढे न्यायचा आणि चार बोटांनी नळ्या धरायच्या, अंगठ्याचं तिथे काही काम नाही. डावा हात मागे आणून डाव्या अंगठ्याने लिव्हर ढकलायचा आणि त्याच दमात उजव्या हाताने नळ्या खाली. पहिल्यांदा दस्ता बगलेतून सुटला. दुसऱ्यांदा लिव्हर सरकला पण नळ्या अडल्या. पाचव्या-सहाव्या वेळी खट्ट आवाज आला आणि नळ्या झुकल्या. मिस्त्रींनी दोन वापरलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या दिल्या. त्या नळीत घालूनच घोडा ओढायचा, नुसता ओढायचा नाही, आणि रोज हात दुखेपर्यंत उघडमीट करायची. "बंदूक बी मऊ व्हईल आन् हात बी बसंल. पर हात आदी बसवा," एवढं म्हणून ते दुसऱ्या कामाला लागले.

घरी आल्यावर मी मायला सगळं सांगितलं. अण्णा मोरीत हातपाय धुवत होते, बराच वेळ धुवत होते. मला वाटलं होतं माय रडेल. ती पीठ मळत राहिली.

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

"तुला ठाऊक होतं? कधीपासून?"

"भाकर कामून कुस्करून वाढू लाले मी? त्यायचे काय दात पडले होते?" तिने पिठाचा गोळा परातीत आपटला. "भाकर मोडायला अंगठा लागतो, बाई. मोजमाप करतीस तू, तुला येवढं बी दिसलं नाही?"

मी आजही भाकरी मोडताना कधी कधी थांबून माझ्या अंगठ्याकडे बघते. एक घास मोडायला तो किती राबतो ते कुणी मोजत नाही. दीड वर्ष रोज दोन वेळा माझ्या डोळ्यांसमोर ते ताट आलं होतं आणि मी त्याला लाड म्हणाले होते. तपासणी खात्यात पुढे मी पस्तीस वर्षं काढली, बक्षिसंही मिळाली, पण माझी सगळ्यात मोठी चूक कुणाच्या नोंदीत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते आहे.

त्यानंतरचे आठ दिवस आमच्या घरात चौथा आवाज आला. स्टोव्ह, भाकरी, भोंगा आणि खट्ट. अण्णा आता पाठ करून बसत नव्हते. डबे न्यायला आलेली पोरं दारात उभी राहून बघायची आणि माय त्यांना हाकलायची. अण्णांच्या बगलेत काळानिळा वळ उठला, मायनं त्याला हळद लावली. चौथ्या-पाचव्या दिवशी हात बसला. आता प्रश्न उरला होता तो वेगळाच. साहेब विचारणार, असं उलट्या हाताने का? मी तोड काढली. "डावखुरा आहे म्हणून सांगा ना अण्णा. कोण तपासणार आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची." अण्णांनी स्वतःची मूठ वळून पाहिली. चार बोटं मिटली, अंगठा बाहेरच राहिला.

परीक्षेच्या दिवशी ते सकाळी पहिल्या गाडीने चाकणला गेले आणि दिवेलागणीला आले. चपला काढल्या, पेटीत बंदूक ठेवली, कुलूप लावलं, किल्ली मायकडे दिली आणि पाटावर बसले. आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"विचारलं त्यायनी," अण्णा म्हणाले. "डावे आहात का म्हणून. माझ्या तोंडावर व्हय आलं होतं. पण मग म्हणलं, उद्या रजिस्टरवर सही करायची पाळी येईल, डाव्यानं करू का काय? कुठवर पुरं पडणार हे? म्हणलं, नाही साहेब, उजवाच हाय. अंगठा प्रेसमध्ये गेला. जोर नाही त्याच्यात. आधी हात बघा, मग बंदूक बघा."

"मग?" मी म्हणाले.

"हात बघितला. म्हणले, परत उघडा. उघडली. परत म्हणले. धा-बारा टाइम उघडायला लावली, भरायला लावली, रिकामी करायला लावली. बाकीची मानसं बघू लालती. मला वाटलं, आता म्हणतील, जा." अण्णांनी रिकामं ताट जवळ ओढलं. "मग म्हणले, रात्रपाळी चालंल का?"

मायनं पदर डोळ्यांना लावला आणि तसाच कमरेला खोचला. तव्यावरची भाकरी काढून तिने अण्णांच्या ताटात ठेवली आणि तिचा हात सवयीने कुस्करायला पुढे गेला. मग तो मध्येच थांबला.

"कुस्करू का?" तिने विचारलं. दीड वर्षात पहिल्यांदा विचारलं.

"कुस्कर की," अण्णा म्हणाले.

अण्णांनी तिथे एकवीस वर्षं नोकरी केली. एकही गोळी झाडायची वेळ आली नाही, आणि ते हे फार अभिमानाने सांगायचे. पाळी सुरू होताना एकदा आणि संपताना एकदा, बंदूक उघडून रिकामी दाखवायचा नियम होता. शिवाय घरी, सुटीच्या दिवशीसुद्धा, हात बसलेला राहावा म्हणून रोज उघडमीट. इस्माईल मिस्त्री गेले तेव्हा अण्णा जनाज्याबरोबर चालत गेले होते. पुढे मायही वारली. आणि दोन वर्षांपूर्वी अण्णा गेले. वारसाला बंदूक ठेवायची तर लायसन लागतं, मला ते नको होतं. पोलिसांचे कागद करून मी ती विकायला बंदुकीच्या दुकानात घेऊन गेले.

दुकानातला माणूस तरुण होता. त्याने बंदूक जोडली, लिव्हरला अंगठा लावला, आणि नळ्या आपल्या वजनाने खाली झुकल्या. आवाजही जेमतेम आला. त्याने भुवया उंचावल्या.

"मॅडम, लय वापरलेली आहे. किती बार टाकलेत?"

"एकही नाही."

त्याचा विश्वास बसला नाही. त्याने बॅटरी लावून नळ्या आतून बघितल्या. त्या आरशासारख्या होत्या. मग त्याने लिव्हर निरखला, त्यावरची अंगठ्याची झीज उलट्या हाताची होती, आणि दस्ता निरखला. उजव्या बगलेत धरायच्या जागी दस्त्याचं पॉलिश उडून लाकूड उघडं पडलं होतं.

"वडील डावखुरे होते काय?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "जरा इकडे द्या."

त्याने बंदूक दिली. मी दस्ता उजव्या बगलेत आवळला. उजव्या हाताची चार बोटं नळ्यांवर ठेवली, डावा हात मागे घेतला आणि डाव्या अंगठ्याने लिव्हर ढकलला. माझे दोन्ही अंगठे धडधाकट आहेत. तरी मी ती अण्णांसारखीच उघडली.